मिस्त्री बापाचं आयुष्य लिहायचंय? हजेरीच्या वहीपासून सुरू करा

इंदुरात कोणी गेलं की उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, एक जण माइक हातात घेतो आणि म्हणतो, स्वर्गीय अमुकजी अत्यंत मिलनसार, मृदुभाषी आणि धार्मिक प्रवृत्तीचे होते. दुकानदार गेला तरी हेच, प्रोफेसर गेला तरी हेच, आणि ज्यानं अख्खी उमर बल्ल्यांच्या पाडावर (परांचीवर) उभं राहून या शहराच्या भिंती चढवल्या तो गवंडी गेला तरी हेच. असेलही तो मिलनसार, माझं काही म्हणणं नाही, पण एवढंच बोलून आपण घरी परतलो तर नातवंडांना फक्त हार घातलेला फोटो उरतो. आमचे अण्णा मिस्त्री होते, त्यांचं मी लिहून काढलं आणि मग ओळखीतली माणसं विचारायला लागली की आमच्या बाबांचं कसं लिहायचं गं, त्यांना फोनवर जे सांगत बसले तेच इथे एकत्र टाकतेय.

एक आधीच सांगते, आम्हाला लिहिता येत नाही ही सबब चालणार नाही. हे साहित्य नाहीये. तुम्हाला माहिती जमवायची आहे, ती वेळेत जमवायची आहे, आणि ती ज्यांच्याकडे आहे ती माणसंही म्हातारी झालीत.

पहिल्या तेरा दिवसांत काय करायचं

लिहायचं नाही. फक्त फेकू द्यायचं नाही. आपल्याकडे कोणी गेलं की एखादी उत्साही मावशी नाहीतर काकू घर आवरायला घेते, कपडे देऊन टाकते, आणि त्याच पोत्यात मळकी डायरी, तुटका चष्मा, सुतळीत बांधलेले कागद असं सगळं जातं. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, कचऱ्याची गाडी रोज गाणं वाजवत दारात येते, म्हणजे फेकलेलं परत मिळायची आशा नाही. एक खोका घ्या, त्यात त्यांच्या खिशातलं, उशीखालचं, कपाटाच्या वरच्या फळीवरचं सगळं टाका, वर मोठ्या अक्षरात लिहा की हात लावू नये, आणि पलंगाखाली सरकवा.

हत्यारांची पिशवी पण ठेवा. थापी, ओळंबा, गुण्या, लाकडी रंधा, सूत गुंडाळलेली काडी. कोणीतरी साथीदार येऊन म्हणेल की वहिनी, उस्तादची थापी मला द्या, आठवण म्हणून वापरीन. द्या की, वापरात राहील, पण आधी फोटो काढून ठेवा, आणि मूठ कुठे झिजलीय ते दिसेल असा जवळून काढा.

याच दिवसांत दुसरं एक काम, भावनेचं नाही पण करायलाच लागतं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्यात), त्याखाली राज्याराज्यांत कल्याण मंडळं झाली, आणि बांधकामाच्या खर्चावर जो १ टक्का सेस घेतला जातो तो त्यांच्याकडे जातो. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात निदान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या माणसाची नोंदणी होते. बाबांचं असं कार्ड असेल तर त्याच्या झेरॉक्स काढा आणि नगर निगमच्या झोन ऑफिसात विचारून या, वारसाला काय मिळतं ते विचारा, अर्जाची मुदत विचारा. हे कार्ड नंतर लिहायलाही कामी येतं, कारण त्यावर काम कोणतं ते लिहिलेलं असतं आणि तरुणपणाचा फोटो पण कधीकधी तिथेच सापडतो.

वही

आता मुख्य गोष्ट. बांधकामावरच्या माणसाच्या घरी पत्रं नसतात, अल्बम असला तर लग्नाचा एकच, पण हजेरीची वही असते. सिमेंटवाल्या दुकानदारानं नव्या वर्षाला दिलेली डायरी असेल, पोराची अर्धी उरलेली शाळेची वही असेल, काही घरांत वही पण नसते, कॅलेंडरच असतं, कालनिर्णय असो की लाला रामस्वरूप, त्याच्या चौकोनांत निळ्या पेनानं खुणा केलेल्या असतात. पूर्ण दिवस, अर्धा दिवस, उचल किती घेतली, ठेकेदाराकडे बाकी किती, आणि ज्या दिवशी कामावर गेले नाहीत त्या दिवशी खाडा.

सगळे लोक काय करतात, मजुरीचे आकडे बघतात, अरे तेव्हा इतकीच मजुरी होती का म्हणतात आणि वही बंद करतात. माझं म्हणणं आहे की खाडे बघा. ऑफिसवाल्याला सुट्टीचा पगार मिळतो, दहाडीवाल्याला खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले, संध्याकाळची भाजी उधार आली. तर मग ज्या माणसाला खाडा परवडत नव्हता त्यानं तो कोणासाठी केला हे शोधून काढायचं, बस्स, घरच्यांवर किती जीव होता याच्यावर वेगळं पान लिहायची गरजच पडत नाही. आमच्या वहीत एका जुलैत सलग खाडे आहेत, मला वाटलं पाऊस असेल, आईला विचारलं तर ती म्हणाली अगं तुझ्या कॉलेजच्या ॲडमिशनचे, रोज लायनीत उभे राहायचे, तुला सांगितलं नव्हतं की मजुरी बुडतेय. दुसऱ्या एका महिन्यात एक आड एक दिवस खाडा आहे, तेव्हा आजी एम. वाय. हॉस्पिटलमध्ये भरती होती, ते आणि काका पाळीपाळीनं थांबत होते.

करायचं कसं ते सांगते. वही, घरातली जुनी कागदपत्रं (मार्कशीट, हॉस्पिटलची चिठ्ठी, लग्नपत्रिका, विजेची बिलं, बँकेचं पासबुक) आणि आई, असं तिघांना एका टेबलावर बसवा. एकेक खाडा घ्या आणि त्या तारखेच्या आसपास काय होतं ते विचारा. घाई करू नका, एका बैठकीत एक वर्ष झालं तरी पुष्कळ. आणि इमानदारी ठेवा, सगळे खाडे मायेचे नसतात. पावसाळ्याचे असतात, रेती आली नाही म्हणून असतात, मजूर चौकात दुपारपर्यंत उभं राहून कोणी नेलं नाही म्हणून असतात, आणि काही घरांत पगाराच्या दुसऱ्या दिवसाचे असतात, का ते घरातल्यांना माहीत असतं. जिथे कळलं तिथे लिहा, नाही कळलं तिथे कोरं सोडा. अंदाजानं गोड कहाणी रचली तर वाचताना ती लगेच ओळखू येते, विशेषतः बहिणींना.

वहीच्या शेवटच्या पानांवर हिशोब असतात ते पण सोडू नका. विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, आणि त्याच्याच खाली कुणाच्या फीचे किती, राखीला बहिणीला किती. आमच्याकडे तर एका पानावर अर्ध्यावर छताचा हिशोब आहे आणि खाली फ्रॉकचं माप.

तारखा कशा पकडायच्या

म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. विचारलं की हे काम कधी केलं, तर म्हणतात लई जुनी गोष्ट आहे. त्यांना सन विचारूच नका, शहर विचारा. नर्मदेचं पाणी इंदुरात आलं त्याच्या आधी का नंतर? म्हणजे १९७८ चा एक खुंटा मिळाला. राजवाडा जळाला तेव्हा कुठे काम चालू होतं? तो १९८४ चा दंगा. हुकुमचंद मिल बंद पडली ते १९९१, आणि आमच्या भागात तर हा खुंटा फार पक्का आहे, कारण मिल बंद झाली तेव्हा कितीतरी मिलवाले बिगारी म्हणून बांधकामावर आले, आणि त्यांची देणी मिळता मिळता २०२३ चा डिसेंबर उजाडला. नेहरू स्टेडियमवर श्रीलंकेची मॅच पिच खराब म्हणून थांबवली ती १९९७ ची नाताळ, यावर तर प्रत्येक मिस्त्रीचं स्वतःचं मत आहे, ते ऐकून घ्याच. नोटबंदी २०१६, जेव्हा ठेकेदार जुन्या नोटा घ्या नाहीतर थांबा म्हणत होते. लॉकडाऊन २०२०, जेव्हा महाराष्ट्रातून निघालेले मजूर आपल्या बायपासवरून पायी जात होते.

आणि सगळ्यात कामाचा खुंटा सिंहस्थ. उज्जैनला १९८०, १९९२, २००४, २०१६ असा दर बारा वर्षांनी येतो, त्याच्या आधी तिथे घाट, रस्ते, धर्मशाळा सगळ्याची कामं निघतात आणि इंदूरचे कारागीर तिकडे जाऊन राहतात. सिंहस्थाच्या कामाला गेले होते का विचारलं की म्हाताऱ्याचं तोंड उघडतंच.

गावाकडून इंदुरात कसे आले हे पण असंच. सन नाही, गाडी विचारा. आमचे अण्णा अकोल्याकडून छोट्या लाइनच्या गाडीनं खांडव्यावरून आले, सोबत मामा होते, मामाच पहिले उस्ताद.

साथीदारांशी बोलणं

घरातले लोक सांगतात ते घरातलं माणूस असतं, दिवसाचे दहा तास तो कुठे होता हे साथीदारांना माहीत. त्यांना शोधायला ठेकेदारापेक्षा चहावाला बरा. ज्या मजूर चौकात बाबा सकाळी उभे राहायचे तिथल्या चहाच्या टपरीवर जा, आठच्या आत जा, नऊनंतर सगळे कामावर गेलेले असतात. सांगा की मी मिस्त्रीजींची मुलगी नाहीतर मुलगा, त्यांच्याबद्दल लिहून ठेवतेय. पहिल्यांदा सगळे तेच म्हणतील, बहुत अच्छे आदमी थे. तिथे थांबू नका.

कसे होते हे विचारलं की अच्छे थे हेच उत्तर येणार. कामाचं विचारा. बिगारीचे मिस्त्री कधी झाले, थापी हातात कोणी दिली? जुडाई (विटांची बांधणी) चांगली का प्लास्टर? कोणत्या कामाला नाही म्हणायचे? दुपारी जेवून कुठे आडवे व्हायचे? नवीन पोरगा आला तर त्याला पहिलं काय शिकवायचे? चिडायचे कशावर? ठेकेदाराशी कधी वाजलं का? डब्यात काय असायचं आणि ते कोणाला वाटायचे? एका म्हाताऱ्या बेलदारकाकांनी मला सांगितलं की अण्णा वीट पाण्यात नीट भिजल्याशिवाय हातात घेत नसत, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि जोड कच्चा राहतो, तर मालकानं घाई केली की ते थापी खाली ठेवून बिडी पेटवायचे आणि म्हणायचे, पी लेने दो उसको. घरात कोणालाही ही गोष्ट माहीत नव्हती, आणि आई तर बिडीवरच अडली.

ही माणसं माळवी, निमाडी, हिंदी बोलतील, कोणी बुंदेली बोलेल, तुम्ही त्यांचं मराठी करत बसू नका. जसं बोलले तसंच अवतरणात टाका. आपली लिपी एकच आहे आणि इंदूरचा मराठी वाचक हिंदीला अडत नाही.

रेकॉर्डिंग फोनवरच करा पण विचारून करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मध्येच लोनवाल्याचा फोन येतो, पंखा बंद करा, फोन टेबलावर सपाट न ठेवता कापडावर ठेवा. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते तुम्ही स्वतः बोला. आणि संपल्यावर लगेच बंद करू नका, चहा होईपर्यंत चालू राहू द्या, खरं बोलणं तेव्हाच सुरू होतं.

आईला वेगळं बसवा

हे मी खास सांगतेय कारण बहुतेक लिखाणात आई शेवटच्या ओळीत येते, त्यांच्या पत्नीनं त्यांना खंबीर साथ दिली वगैरे. कितीतरी घरांत आई पण त्याच साइटवर तगारी वाहत होती. लहान पोर साडीच्या झोळीत, झोळी बल्लीला बांधलेली, आणि ती गिट्टी उचलतेय. तिची हजेरी वेगळी मांडलेली असते, मजुरी कमी असते, ते पण लिहा. नवरा मिस्त्री आणि बायको बिगारी असं एकाच पाडावर काम करणाऱ्यांचा संसार घरात सुरू होत नाही, साइटवर होतो.

आईला मुलांच्या देखत विचारू नका. दुपारी, भांडी झाल्यावर, काहीतरी निवडताना विचारा, हात कामात असले की बोलणं येतं. पगाराच्या दिवशी काय आणायचे? (आमच्याकडे शेव आणि केळी, कधी हात सढळ असला तर सराफ्यातली जिलेबी, रात्री उशिरा, झोपलेल्या पोरांना उठवून.) अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या (चित्ररथ) बघायला कोणाला खांद्यावर घ्यायचे? रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, गेले होते का कधी? पैसे कोणाच्या हातात द्यायचे? भांडण कशावरून व्हायचं? स्वतःचं घर कधी बांधलं?

शेवटच्या प्रश्नावर जरा रेंगाळा. गवंड्याचं स्वतःचं घर सगळ्यात शेवटी बांधलं जातं आणि वर्षानुवर्षं बिनप्लास्टरचं राहतं. उरलेल्या विटा, कोणाकडच्या जुन्या चौकटी, रविवारी नाहीतर रात्री बल्बच्या उजेडात जोडलेल्या भिंती. कोणती खोली कोणत्या साली झाली ते बघितलं तर पोरांची जन्मसालं पण तिथेच लागतात. या घराचा नकाशा कागदावर हातानं काढा आणि प्रत्येक खोलीत साल लिहा, माझ्या मते पुस्तिकेतलं हे सगळ्यात चांगलं पान होतं.

त्यांचा हात लागलेल्या जागा

एक रविवार काढा आणि गाडीवर फिरा, सोबत एखादा साथीदार मागे बसवा. राजेंद्रनगर, सुदामानगर, अन्नपूर्णा रोड, स्कीम नंबर ५४, विजयनगर, जिकडे जिकडे कामं केली तिकडे. शहर कोणत्या दिशेला वाढलं ते बाबांच्या कामाच्या यादीतच दिसतं, आधी जुन्या वस्तीच्या जवळची कामं आणि मग सायकल दरवर्षी जरा आणखी लांब. बीआरटीएस (बसचा वेगळा मार्ग) २०१३ मध्ये सुरू झाला, त्याच्या आधीच्या एबी रोडवरून (आग्रा-मुंबई रस्त्यावरून) ते पहाटे कसे जायचे हे पण विचारून घ्या.

घरासमोर उभे राहून फोटो काढा पण मालकाला विचारा, नाहीतर हल्ली लोक पटकन पोलिसांचं नाव घेतात. विचारलं तर बहुतेक जण आत बोलावतात, एका बाईंनी तर कपाट सरकवून मागची भिंत दाखवली की बघा अजून एक तडा नाही. आपली माळव्याची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंत तडकणारच, तेव्हा न तडकलेली भिंत हे मिस्त्रीचं सर्टिफिकेट समजा. जुनी माणसं भेटली तर चुन्याचं काम केलंय का विचारा, मसाल्यात बेलफळ, गूळ, मेथी, उडीद काय काय टाकायचे ते ऐकायला मिळेल, आणि ते जाणणारे हात आता कमी राहिलेत.

लिहिताना मात्र आमच्या बाबांनी ही बिल्डिंग बांधली असं ठोकून देऊ नका. बिल्डिंग शंभर हातांची असते. जिन्याचं प्लास्टर त्यांचं, की गच्चीचा उतार त्यांचा, तेवढंच लिहा, ते जास्त खरं वाटतं आणि दुसऱ्या मिस्त्रीच्या घरच्यांना वाईट वाटत नाही.

फोटो, आवाज, मोबाइल

जुने फोटो फ्रेममधून ओढून काढू नका, काचेला चिकटले असतील तर काचेसकट फोटो घ्या. दिवसा, व्हरांड्यात, उन्हात नाही सावलीत, फ्लॅश बंद, फोन वरून सरळ धरून. छोटा पासपोर्ट फोटो असेल तर दुकानात स्कॅन करा आणि ६०० डीपीआय सांगा, कागदपत्रांना ३०० पुरे. लॅमिनेशन करू नका, कितीही म्हणाला दुकानदार तरी. फोटोच्या मागे पेननं नाही, पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. फाइलच्या नावात साल आधी टाका म्हणजे आपोआप क्रमानं लागतात.

त्यांचा फोन चालू ठेवा. रिचार्ज बंद झाला की काही महिन्यांत नंबर दुसऱ्याला जातो, आणि व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर निघून जातं. त्यातले व्हॉइस मेसेज म्हणजे त्यांचा आवाज आहे हो, ज्यांना लिहायचा कंटाळा ते बोलूनच पाठवतात. प्रत्येकाचं चॅट उघडा, एक्सपोर्ट चॅट करा, मीडियासकट, आणि ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. आवाजाच्या फाइल ओपस नावाच्या येतात, घाबरू नका, कंप्युटरवर वाजतात. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या घरात असू द्या.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरू करू नका. जन्मतारीख आधार कार्डावर असते, तीही बहुतेक वेळा १ जानेवारी नाहीतर १ जुलै, म्हणजे कोणीतरी अंदाजानं टाकलेली. हातापासून सुरू करा, किंवा सकाळपासून. हे दोन नमुने बघा.

एक: अण्णा अतिशय कष्टाळू आणि कुटुंबवत्सल होते. त्यांनी आयुष्यभर इमानदारीनं काम केलं आणि मुलांवर चांगले संस्कार केले.

दोन: अण्णा प्लास्टरचे मिस्त्री. भिंत पूर्ण झाली की संध्याकाळी वायर ओढून बल्ब भिंतीला लावून धरायचे, कुठे उंचवटा असला तर त्याची सावली पडते, मग तेवढ्याच जागी परत रंधा. घरी आमच्या अक्षराची वही पण ते तशीच तिरपी धरून बघायचे, वाचता फारसं येत नव्हतं, पण ओळ वर गेली की बोट ठेवून म्हणायचे, इथे चढलं.

दुसऱ्यात कुठे कष्टाळू नाही, प्रेमळ नाही, पण कळलं ना? तर पहिला खर्डा लिहून झाला की विशेषणांखाली रेघ मारत जा आणि प्रत्येकासाठी एक गोष्ट शोधा. सापडली तर विशेषण काढा. नाही सापडली तरी काढा.

हातांवर जरूर लिहा. सिमेंटनं बोटांच्या टोकांच्या रेषा झिजतात, रेशनच्या दुकानात मशीन अंगठाच घेत नाही, म्हातारपणी आपलेच पाच किलो गहू घ्यायला चार चकरा. ज्या हातांनी एवढं बांधलं त्यांची ओळख मशीनला पटत नव्हती, हे वाचून मोठा भाऊ उठून बाहेर गेला, तरी मी ते ठेवलं.

उठावण्याला किंवा तेराव्याला वाचायचं असेल तर तीनशे-साडेतीनशे शब्द, त्याच्यावर नको, लोक उन्हात बसलेले असतात. तेवढ्यात तीन गोष्टी मावतात. एक कामाची, एक घरची, एक हसवणारी. हसवणारी टाळू नका, कोणी काही म्हणणार नाही, उलट मागच्या रांगेतले साथीदार तिथेच मान हलवतात.

कडू गोष्टी

दारू, कर्ज, मारलेली थप्पड, पाडावरून पडलेला सोबती, बुडालेले पैसे. हे सगळं असतंच. माझा नियम असा की ज्यावर आई हो म्हणेल ते पुस्तिकेत, बाकीचं वेगळ्या वहीत, पण लिहून मात्र सगळं ठेवायचं. जिवंत माणसाची बदनामी होईल असं काही छापायचं नाही, ठेकेदारानं पैसे बुडवले तर एका ठेकेदारानं एवढंच. अपघाताबद्दल लिहिताना कोणाची चूक हे ठरवत बसू नका, कोणता मजला, काय काम चालू होतं, त्यानंतर बाबा किती दिवस पाडावर चढले नाहीत, एवढं पुरतं. खाडे इथेही बोलतात.

दारूबद्दल एकच म्हणेन, लपवलं तर बाकीच्या गोष्टींवरचा पण विश्वास जातो, कारण अर्ध्या मोहल्ल्याला माहीत असतं. एक वाक्य लिहा आणि पुढे चला. सुटली असेल तर कोणी सोडवली तिचं नाव नक्की लिहा.

छापणं

छोटी पुस्तिका पुरते. पानं चारच्या पटीत ठेवा, सोळा, वीस, चोवीस, कारण मध्ये पिन मारायची तर कागद दुमडूनच लागतो, नाहीतर प्रेसवाला शेवटी कोरी पानं सोडतो. रंगीत पान फक्त फोटोंचं करा, बाकी काळं-पांढरं, खर्च निम्म्यावर येतो. टाइप मोठा घ्या, चौदाचा, वाचणारे म्हातारे आहेत. मराठी आणि हिंदी दोन्ही ठेवायचं असेल तर शब्दाला शब्द भाषांतर न करता हिंदीत साथीदारांच्या आठवणी आणि मराठीत घरच्यांच्या, अशी वाटणी करा, दोन्हीकडे वाचायला नवीन मिळतं. नातवंडं मराठी बोलतात पण वाचायला कंटाळतात, त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी आजीच्या आवाजात रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाका.

प्रती नातेवाइकांपुरत्या काढू नका. साथीदारांना द्या, चहाच्या टपरीवर एक ठेवा, ज्या घरांचे फोटो काढले त्यांना द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणीतरी वाचून दाखवतंच, आणि मग फोन येतो की अरे ते पाण्याच्या टाकीचं काम राहिलंच की, तेव्हा मीच होतो सोबत. असे फोन येणार हे धरूनच पहिल्या खेपेला थोड्याच प्रती काढा आणि फाइल प्रेसवाल्याकडून मागून घ्या, दुसरी खेप दुरुस्त करून निघते.

छापायला देण्याआधी प्रूफ दोन जणांकडून तपासा, त्यातला एक तरी साथीदारांपैकी असू द्या. घरच्यांची नावं आपण बरोबर लिहितो, चुकतात ती बिगारींची, कारण वर्षानुवर्षं त्यांना फक्त टोपणनावानं हाक मारलेली असते. प्रत्येकाला फोन करून पूर्ण नाव विचारा, आणि छापू का तेही विचारा.